रिंगखाली उभं राहून चुकणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात आमची चष्मेवाली बास्केटबॉल काखेत मारून माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, लांबून चुकला तर समजू शकते मी. पण मी तर रिंगच्या खालीच आहे. इथून कसा काय चुकतो?"

चेहरा रडवेला, चष्मा घामाने नाकावर घसरलेला. तेरा वर्षांची पोरगी, वर्षभरात एकदम ताडमाड वाढलेली, आणि या नव्या हातापायांचं करायचं काय हे अजून न उमगलेली. बाकीच्यांना वाटतं, हिला काय, हात वर केला की बास्केट. तिलाही तसंच वाटतं. म्हणून चुकलेला प्रत्येक शॉट तिला दुप्पट लागतो.

"उद्या सांगते," म्हटलं. उद्या अशासाठी की हे दोन वाक्यांत सांगून होणारं नाही. मला स्वतःला ते कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेही एका लाजिरवाण्या शॉटनंतर. तो आधी सांगून टाकते.

मॅच संपायला अर्धं मिनिट होतं आणि आम्ही एका पॉइंटने मागे होतो. समोरच्या गार्डचा पास मी मधेच तोडला आणि सुटले. पुढे कोणीही नाही, अर्धं कोर्ट मोकळं. पळता पळता मागे पावलं वाजतायत असं वाटलं, म्हणून एकदा वळून पाहिलं. कोणी नव्हतं, माझेच बूट वाजत होते. पण त्या एका नजरेत माझं गणित हुकलं. दोन स्टेप घेईपर्यंत मी पार रिंगखाली पोचले होते. घाईत बॉल वर भिरकावला, तो रिंगला खालून आपटला आणि माझ्याच डोक्यावर येऊन पडला. आम्ही ती मॅच एका पॉइंटनेच हरलो. पुढे कित्येक दिवस मैत्रिणी मला पाहून नुसता डोक्यावर हात ठेवायच्या.

सर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिंगमागच्या बोर्डच्या उजव्या बाजूला, रिंगपासून एक पाऊल बाहेर उभं केलं. उडी मारायची नाही, पळायचं नाही. विचारलं, "बॉल कुठे ठेवणार?"

"रिंगमध्ये."

"बोर्डवर. आणि फेकायचा नाही, ठेवायचा."

उंच फळीवर डबा ठेवताना आपण तो फेकत नाही. टाचा उचलतो, हात लांबवतो आणि अगदी शेवटी बोटांनी आत सरकवतो. तेच. एवढं एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं मुलांना ऐकवते आहे आणि मुलं गेली कित्येक वर्षं बॉल फेकतायत.

तर चष्मेवालीला दुसऱ्या दिवशी काय सांगितलं ते लिहिते.

आधी रिंगकडे नीट बघ, म्हटलं. जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. आतला व्यास ४५ सेंटीमीटर. आपण मुली सहा नंबरचा बॉल वापरतो, तो साधारण २३ सेंटीमीटरचा. म्हणजे बरोबर वरून सोडला तर जवळजवळ दोन बॉल मावतील एवढी जागा आहे. पण बॉल वरून कधी पडतो? तो तिरका येतो, आणि तिरक्या येणाऱ्या बॉलला ते गोल भोक चपटं दिसतं. ४५ अंशांत आला तर त्याच्या वाट्याला जेमतेम ३२ सेंटीमीटर जागा येते. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे बॉल कशालाही न लागता आत जाणं अशक्यच. लांबून मारताना आपण आपोआप कमान देतो. जवळ आलो की मात्र हात आळशी होतो आणि बॉल सपाट सुटतो. जवळून चुकायचं पहिलं कारण हे. चष्मेवालीचे उंच हात उलट तिच्या विरुद्ध जातात, कारण रिंग तिला इतकी जवळ वाटते की बॉल वर चढवायची गरजच वाटत नाही.

यावर उपाय म्हणून देवाने बोर्ड दिला आहे. बोर्डवर रिंगच्या मागे रंगवलेला आयत असतो, ५९ सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच. पुष्कळ मुलांना ती शोभा वाटते. ते निशाण आहे. आपण ज्या बाजूने येतो त्या बाजूचा वरचा कोपरा पकडायचा. तिथे बॉल हलकेच टेकवला की तो वळून रिंगमध्ये वरून उतरतो, आणि कमानीचं काम बोर्ड करून देतो. अट इतकीच की आपण बाजूला असलं पाहिजे, बोर्डशी साधारण ४५ अंशांचा कोन करून. अगदी समोरून बोर्ड वापरायला गेलं तर वेगाचा अंदाज फार बारीक लागतो. अगदी रिंगखालून तर बोर्डचा कोनच उरत नाही आणि डोक्यावर रिंगचं लोखंड येतं. त्याचा अनुभव माझ्या डोक्याला आहेच.

बोर्डचा आणखी एक फायदा नियमातला आहे. शॉट मारलेला बॉल बोर्डला लागला आणि तो रिंगच्या पातळीच्या वर असला, की बचाव करणाऱ्याला त्याला हात लावता येत नाही. लावला तर गोलटेंडिंग, बास्केट आपली. म्हणून समोर कितीही उंच खेळाडू असू दे, ब्लॉक करायला त्याला वेळ मिळतो तो बॉल आपल्या हातातून सुटून बोर्डला टेकेपर्यंतच. तो वेळ कमी करणं आपल्या हातात असतं. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईने यावर अख्खी कारकीर्द काढली. कारकीर्द म्हणजे काय, आपलं जे काही होतं ते.

आता पळत येऊन मारायचा ले-अप. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही आणि सांगितली की लगेच पटते. पळत येताना आपल्याबरोबर बॉलही पळत असतो. तो हातातून सुटला तरी त्याचा पुढे जायचा वेग तसाच राहतो. म्हणजे पुढे ढकलायचं काम पायांनी आधीच केलेलं असतं, हाताने त्याला फक्त वर न्यायचं असतं. मुलं त्यात हाताचीही ढकल मिळवतात, मग बॉल बोर्डवर धाडकन आपटून पार फ्री थ्रो रेषेपर्यंत उडतो. आणि मूल म्हणतं, "ताई, जोर जास्त झाला." अरे, जोर लावायचाच नव्हता.

पाय कसे टाकायचे ते ठरलेलं आहे. उजव्या हाताने मारायचा तर उजवा, डावा, वर. बॉल हातात घेताना उजवं पाऊल, मग डावं, डाव्यावरून उडी, आणि उजवा गुडघा उजव्या हाताबरोबर वर. गुडघ्याला आणि कोपराला एकच दोरी बांधली आहे असं समजा, गुडघा उचलला की हात उचलला जातो. डाव्या हाताने मारताना सगळं उलट. पहिलं पाऊल लांब, दुसरं आखूड. हे आखूड पाऊल म्हणजे ब्रेक आहे. पुढे पळणाऱ्या अंगाला तेच वर वळवतं. दोन्ही पावलं लांब टाकली की उडी वर जाण्याऐवजी पुढे जाते आणि माणूस रिंगच्या पलीकडे पोचून मागे वळून शॉट मारतो. कोर्टवर रोज संध्याकाळी अशी पाच तरी उदाहरणं दिसतात.

शिकवताना मी हे उलट्या क्रमाने घेते. आधी जागेवर उभं राहून नुसतं ठेवणं. मग एका पावलाने. मग दोन पावलांनी, चालत. ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पळणं, सगळ्यात शेवटी. मुलांना हा क्रम अजिबात आवडत नाही, कारण ड्रिबल करत धावत येणं हाच तर त्यांना खेळ वाटतो. पण ज्याला एका पावलावर जमत नाही त्याला पळताना कसं जमेल?

पावलांवरून एक वाद नेहमी निघतो, तोही इथेच मिटवते. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ साली बदल झाला. पळताना बॉल ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो तो मोजत नाहीत, त्यानंतरची दोन पावलं मोजतात. त्यामुळे माझ्या काळात शिट्टी वाजली असती अशा कितीतरी चाली आज बरोबर ठरतात. आमच्या वेळी पेंट, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टाही वेगळा होता, खाली पसरत जाणारा समलंब चौकोन. २०१० साली तो आयत झाला, आणि त्याच बदलांत रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आलं. आक्रमक रिंगकडे झेपावत असताना बचाव करणारा त्या अर्धवर्तुळात उभा असेल तर त्याला नुसती धडक दिली म्हणून आक्रमकाचा फाउल देत नाहीत. आक्रमकाने पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही हा नियम मात्र तेव्हाही होता, आजही आहे. रिंगखाली तंबू ठोकून बसणाऱ्यांना तो रोज नव्याने सांगावा लागतो.

चष्मेवालीला मी हे नियम सांगत होते तेव्हा ती जांभई दाबत होती. मग मी तिला जॉर्ज मायकनची गोष्ट सांगितली आणि ती सरळ झाली.

मायकन सहा फूट दहा इंच होता आणि जाड भिंगांचा चष्मा लावून खेळायचा. (इथे चष्मा वर सरकवला गेला.) १९४२ च्या सुमारास तो शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला, तेव्हा अवघडलेला, स्वतःच्याच पायात पाय अडकवणारा पोरगा होता. तिथे नवीनच आलेल्या रे मेयर या प्रशिक्षकाने त्याला हाताशी धरलं, दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, आणि रिंगखाली एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने शॉट मारत राहायला लावलं. पुढे हा माणूस इतका भारी पडायला लागला की १९५१ साली एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, पेंटची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली, केवळ त्याला रिंगपासून लांब ठेवायला. एका खेळाडूसाठी कोर्टवरच्या रेषा पुसून नव्याने आखल्या!

त्या सरावाला आजही मायकन ड्रिल म्हणतात. करायला सोपं आहे, चांगलं करायला अवघड. रिंगच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. डाव्या पायावरून उडी, उजव्या हाताने बोर्डवर. बॉल जाळीतून पडताना जमिनीला लागू द्यायचा नाही, दोन्ही हातांनी वरच पकडायचा आणि तसाच डाव्या बाजूला सरकायचं. आता उजव्या पायावरून उडी, डावा हात. पुन्हा उजवीकडे. थांबायचं नाही. मिनिटभर मोजायचं किती झाले.

यात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात आधी मोडली जाणारी अट म्हणजे बॉल हनुवटीच्या खाली येता कामा नये. बॉल हातात आला की कंबरेपर्यंत खाली घ्यायचा, तिथून झोका घेऊन वर न्यायचा, ही माणसाची नैसर्गिक सवय आहे. उंच मुलांत तर फारच. पण रिंगखाली पाच-सहा हात वळवळत असतात, आणि त्यातले निम्मे माझ्यासारख्या बुटक्यांचे, ज्यांना वरचं काही मिळत नाही म्हणून ते खालीच टपून बसलेले. कंबरेपाशी आलेला बॉल माझा. उंच खेळाडूने बॉल खाली आणणं म्हणजे स्वतःची उंची आपण होऊन दान करणं. चष्मेवालीला मी म्हटलं, "तू मारत राहा, मी फक्त तुझ्या कंबरेच्या उंचीवर हात फिरवते." पहिल्या मिनिटात मी तिचा बॉल सात वेळा काढला. ती इतकी चिडली की त्यानंतर बॉल कपाळाच्या खाली आलाच नाही. रागाचा असाही उपयोग होतो.

मग डावा हात. इथे मी फार बोलत नाही कारण माझाच डावा हात कच्चा. उजव्या हाताच्या खेळाडूने डाव्या बाजूने उजव्या हाताने ले-अप मारला तर बॉल त्याला पेंटच्या मधल्या बाजूला धरावा लागतो, जिथून बचाव करणारा येतोय तिकडेच. म्हणजे ताट त्याच्या पुढ्यात सरकवल्यासारखं. डाव्या हाताने मारला तर दोघांच्या मधे आपलं अख्खं अंग येतं. हे सगळ्यांना कळतं. पण डाव्या हाताने पहिले शंभर शॉट इतके हास्यास्पद जातात की लाजेपोटी कोणी एकशेएकावा मारत नाही. मी तेच केलं. चार-पाच मॅचमध्ये प्रतिस्पर्ध्यांना कळलं की ही फक्त उजवीकडे जाते, आणि त्यानंतर उजवीकडे माझी वाट पाहत कायम कोणीतरी उभं असायचं.

यातून मला एक पळवाट सापडली ती रिव्हर्स. रिंगच्या एका बाजूने शिरायचं आणि तिच्या खालून जाऊन पलीकडे बॉल ठेवायचा. इथे रिंग आणि जाळीच आपली राखण करतात, पाठीमागून उडी मारणाऱ्याचा हात त्यातच अडतो. बेसलाइनने, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेलगत, शिरताना मान मागे टाकून आधी बोर्ड शोधायचा, पलीकडच्या बाजूला आलो की बॉल वर. १९८० च्या एनबीए अंतिम मालिकेत ज्युलियस अर्व्हिंगने हवेतल्या हवेत बोर्डच्या मागून फिरून पलीकडून जो बॉल ठेवला तो याच घराण्यातला. बघून घ्या. करायला जाऊ नका.

आतापर्यंतचं सगळं मोकळ्या रिंगखालचं. खरी मॅच म्हणजे अंगावर कोणीतरी असणारच.

अंगावर माणूस असेल तर एका पायावरची तरंगती उडी उपयोगाची नाही, एक धक्का लागला की दिशा गेली. त्याऐवजी दोन पायांवर थांबायचं. शेवटच्या ड्रिबलबरोबर दोन्ही पाय एकदम जमिनीवर, खांद्याहून जरा रुंद, गुडघे वाकलेले, खांदे बेसलाइनला समांतर. आतला खांदा बचाव करणाऱ्याकडे, बॉल बाहेरच्या हाताकडे. मग दोन्ही पायांनी सरळ वर. याला पॉवर ले-अप म्हणतात. दिसायला त्यात काही नाही, टाळ्याही पडत नाहीत. पण धक्का लागला तरी बॉल बोर्डपर्यंत जातो. आणि फाउल होऊनही बास्केट झाली तर दोन पॉइंट अधिक एक फ्री थ्रो.

याच्या सरावाला माझ्याकडे एक जुनी उशी आहे. मी रिंगखाली उभी राहते आणि उडी मारणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर उशी हाणते. सुरुवातीला सगळे हसतात आणि सगळ्यांचे शॉट चुकतात. चुकण्याचं कारण उशी नसते. उशी येणार म्हणून ते आधीच डोळे मिटतात किंवा बॉलऐवजी माझ्याकडे बघतात, तेच माझं जुनं मागे वळून पाहणं. आठवड्याभरात त्यांना उशीची सवय होते. मग नजर आयताच्या कोपऱ्यावर राहते आणि खांदा आपलं आपण सोसतो.

आता फेक. हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा वाढेल.

फेक म्हणजे शॉटची हूल. समोरच्याला उडवायचं आणि तो खाली येत असताना आपण वर जायचं. नव्वद टक्के मुलं फेक करताना स्वतःच उठतात. गुडघे सरळ, टाचा वर, बॉल वर. समोरचा उडतो, बरोबर. पण आता यांचे गुडघेही सरळ झालेत. पुन्हा उडी मारायची तर आधी पुन्हा वाकायला हवं, आणि ते वाकेपर्यंत समोरचा जमिनीवर येऊन दुसऱ्या उडीला तयार. फेकमध्ये फक्त बॉल, डोळे आणि भुवया वर जायला हव्यात. कमरेखालचा माणूस बसलेलाच. मी मुलांच्या मागे उभी राहून त्यांच्या टाचांकडे बघते. टाच उचलली की तो फेक बाद.

आणि घाई नको. फेक दाखवायचा असतो. विजेसारखा फेक समोरच्याला दिसतच नाही, मग तो उडेल कशाला? शॉट मारताना बॉल ज्या गतीने वर जातो त्याच गतीने फेकमध्ये गेला पाहिजे. डोळे रिंगवर. बॉल कपाळापर्यंत. एक श्वास. तो उडाला? आता तू.

तो अगदी अंगावर येऊन उडाला तर सरळ वर जायलाही जागा नसते. तेव्हा त्याच्या बगलेखालून. एक पाय पिव्हट म्हणून रोवलेला, दुसऱ्या पायाने त्याच्या पलीकडे लांब पाऊल टाकायचं, आणि तिथून बॉल वर. इथे बरेच जण ओरडतात, "ट्रॅव्हलिंग!", म्हणजे बॉल घेऊन नियमाबाहेर पावलं टाकली. नाही. शॉट मारताना पिव्हटचा पाय उचलता येतो, तो परत जमिनीला टेकायच्या आत बॉल हातातून सुटला म्हणजे झालं. ड्रिबल सुरू करायचा असेल तर मात्र पिव्हट उचलायच्या आधी बॉल सोडायला हवा. एवढा फरक पाठ असला तर अर्ध्या भांडणांना विषयच उरत नाही. बॉस्टनचा केविन मॅकहेल या एका चालीवर चांगल्या चांगल्यांना नाचवायचा. त्याच्या जुन्या चित्रफिती बघताना फक्त पाय बघा, हातांकडे बघूच नका.

पाठ रिंगकडे असताना काय करायचं हे चष्मेवालीसाठी. सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, बॉल बहुतेकदा पाठमोऱ्या अवस्थेतच मिळतो. बॉल आला की लगेच वळायचं नाही. क्षणभर थांबून पाठीने ऐकायचं. बचाव करणारीचं वजन तुझ्या कुठल्या खांद्यावर आहे? मधल्या बाजूच्या खांद्यावर असेल तर बेसलाइनची बाजू मोकळी. त्या बाजूचा पाय मागे, तिच्या पायाच्याही मागे, खोल टाकायचा, कमरेने तिला अडवून धरायचं, दोन्ही हातांनी बॉल एकदाच पायांच्या मधे आपटायचा आणि दोन्ही पायांवर वर. याला ड्रॉप स्टेप म्हणतात. दार ढकलत असलेल्या माणसासमोर आपण अचानक दार उघडलं तर तो जसा आत धडपडतो, तसं होतं. तिने दोन्ही बाजू बंद केल्या असतील तर हुक. छातीऐवजी खांदा रिंगकडे, बॉल कानाजवळून सरळ वर, शेवटी मनगट. मधे आपला अख्खा खांदा असल्यामुळे बॉलपर्यंत पोचणं अवघड. दुसरा हात आडवा धरायचा तो कुंपण म्हणून. त्याने ढकललं की आपलाच फाउल.

हुक मुलांना जुनाट वाटतो. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक मारायला, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी आली, ती १९७६ पर्यंत राहिली. तेव्हा कॉलेजात असलेला एक सात फुटी पोरगा हुक घासत बसला. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने त्याने एनबीएत ३८,३८७ पॉइंट केले, आणि हा आकडा मोडायला २०२३ उजाडावं लागलं. जुनाट तर जुनाट.

फ्लोटरबद्दल थोडक्यात, कारण तो बुटक्यांचा शॉट आहे आणि इथे प्रश्न उंच मुलीचा होता. उंच खेळाडू रिंगखाली उभा आहे, आपण पूर्ण आत गेलो तर शॉट अडवला जाणार. म्हणून दोन-तीन मीटर आधीच उडायचं आणि बॉल त्याच्या बोटांवरून उंच, हलका सोडायचा. मनगटाचा झटका जवळजवळ नाहीच. एनबीएतल्या टोनी पार्करचं पोट यावर चालायचं, थोडंफार माझंही.

युरो स्टेपही सगळ्यांना हवी असते. एक पाऊल एका दिशेने, दुसरं दुसऱ्या, बचाव करणारा मधेच. लिथुआनियाचा शारुनास मार्चुलियोनिस १९८९ मध्ये ती एनबीएत घेऊन गेला, मनू जिनोबिलीने घरोघरी पोचवली. चांगली आहे. पण मोबाइलवर बघून आलेली मुलं पहिल्याच दिवशी नागमोडी पळत येतात आणि शेवटी बॉल बोर्डच्या वरून पलीकडे घालवतात. आधी साधा ले-अप दहापैकी नऊ, दोन्ही हातांनी. मग या.

हे सगळं मी चष्मेवालीला एका संध्याकाळी सांगितलं असं समजू नका. त्या दिवशी फक्त आयताचा कोपरा, हनुवटी आणि मायकन. बाकीचं जसं लागेल तसं. पहिल्या दिवशी मिनिटाला अकरा झाले, त्यातले डाव्या हाताचे तीन. काल सव्वीस, डाव्याचे बारा. मोजणारी तिची धाकटी बहीण असल्यामुळे एखाद-दुसरा इकडेतिकडे असू शकतो.

काल सराव संपल्यावर ती पुन्हा बॉल काखेत मारून आली. "ताई, तुम्ही एकदा डाव्या हाताने करून दाखवा ना."

बाकीची पोरंही गोळा झाली. मी बूट घट्ट केले, डावीकडून आले, आखूड पाऊल टाकलं, उजव्या पायावरून उडाले आणि बॉल ठेवला.

रिंगवर आपटून बाहेर आला. चष्मेवालीने शांतपणे बॉल उचलून माझ्या हातात दिला. "फेकलात तुम्ही," म्हणाली.